नववीतल्या मुलीसाठी शासनाच्या योजना: कुठल्या वाटेवरून परत वळता येतं?

एका वडिलांनी विचारलंय. मुलगी तालुक्याच्या अनुदानित मराठी शाळेत नववीला आहे. गणित बरं, इंग्रजी जेमतेम, हाताने काही जोडायला-मोडायला आवडतं. त्यांचा प्रश्न असा: "शासन म्हणतं, आम्ही नववीपासूनच मुलांना कॉलेजसाठी आणि नोकरीधंद्यासाठी तयार करतो. कौशल्य विषय, कल चाचणी, करिअर पोर्टल, नवं शैक्षणिक धोरण, सीईटी, फीमाफी, इतकं सगळं ऐकतो. यातलं खरंच उपयोगाचं काय आणि आम्ही आत्ता काय करावं?"

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळा आणि तिला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आहे. त्यातली सोळा वर्षं व्यवसाय मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये शाळेच्या ऑफिसात एक टेबल लावून बसते. समोर मुलगा किंवा मुलगी, शेजारी आई नाहीतर वडील, हातात दहावीची ऑनलाइन निकालाची प्रिंट. त्या टेबलावर मी एकच मोजपट्टी वापरायला शिकले, तीच तुम्हाला देते. पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय चुकणं अगदी साहजिक आहे. म्हणून कुठलीही शासकीय योजना, कुठलाही अभ्यासक्रम समोर आला की विचारायचं: चुकलं तर इथून परत वळता येतं का, आणि वळायला किती वर्षं, किती पैसे लागतात?

आधी थोडं मागचं सांगते, कारण ते कळलं तर आजचा गोंधळ कळतो. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात शाळेची जी रचना सुचवली, त्यावरून आपल्याकडे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ला झाली. अकरावी-बारावीची ही मधली दोन वर्षं आयोगाच्या मनात फक्त कॉलेजची पायरी म्हणून नव्हती. या टप्प्यावरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जावीत अशी त्यांची अपेक्षा होती. त्यातूनच पुढे आपल्याकडे बायफोकल म्हणजे द्विलक्ष्यी, नेहमीच्या विषयांबरोबर घ्यायचे व्यवसाय विषय आले, आणि १९८८च्या सुमारास किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले, ज्यांना आपण सगळे एमसीव्हीसी म्हणतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुन्हा तोच आकडा आहे: २०२५पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. आणि 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या शिक्षण पाहणीने २०२३मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाची मुलं तपासली, तेव्हा व्यवसाय प्रशिक्षण घेणारी मुलं निघाली ५.६ टक्के. पन्नास टक्क्यांचं ध्येय साठ वर्षं कागदावर आहे. त्यामुळे शाळेत "आमच्याकडे कौशल्य विषय आहे" असं सांगितलं की तेवढ्यावर समाधान मानू नका. आत जाऊन बघा.

काय बघायचं? नववी-दहावीला आता अनेक शासकीय आणि अनुदानित शाळांत समग्र शिक्षा योजनेखाली एका भाषा विषयाऐवजी व्यवसाय विषय घेता येतो. मल्टी स्किल, ऑटोमोटिव्ह, ब्युटी अँड वेलनेस, रिटेल, शेती, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन असे विषय आहेत, पण कुठल्या शाळेला कुठले मिळालेत ते ठरलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून मुलीला मल्टी स्किल मिळालं तर मला फार आनंद होईल, आणि त्याचं कारण पाबळ आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेच्या मुलांनी गावाला लागणाऱ्या सेवा करता करता शिकावं, ही त्यांची कल्पना. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला, ज्याला शिक्षक मंडळी आयबीटी म्हणतात, आणि १९८७मध्ये राज्य मंडळाने त्याला दहावीचा विषय म्हणून मान्यता दिली. आजचा मल्टी स्किलचा अभ्यासक्रम त्याच घरातला. त्यात चार विभाग असतात: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी द्यायचा असतो.

आमच्या शाळेत मी तो दिवस कितीतरी वेळा बघत उभी राहिले आहे. एकदा नववीतल्या तिघीजणी शाळेच्या बागेसाठी लोखंडी अँगलचा स्टँड करत होत्या. एकीने गुण्याने मापून अँगलवर खडूने खूण केली, दुसरीने हॅकसॉ चालवला, आणि जोडताना कोपरा काटकोनात बसेना. प्रशिक्षकांनी उत्तर सांगितलं नाही. एका बाजूला ३० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ४० सेंटिमीटरवर खूण करायला लावली आणि म्हणाले, आता तिरकं माप घ्या. काटकोनात ५० यायला हवं होतं, टेप ५२ दाखवत होता. "म्हणजे कोन नव्वदपेक्षा मोठा झालाय," मुलींमधली सगळ्यात अबोल मुलगी म्हणाली. तीच मुलगी आदल्या आठवड्यात माझ्या तासाला पायथागोरसच्या प्रमेयावरचं उदाहरण कोरं सोडून बसली होती. मग त्यांनी स्टँडचा खर्च काढला: अँगल किती किलो, भाव काय, वेल्डिंगच्या कांड्या किती, रंग किती, मजुरी किती धरायची. या विषयात वस्तूचं चित्र आणि खर्चाचा हिशेब वहीत लिहावाच लागतो. हे ज्या शाळेत होतं, तिथे हा विषय सोनं आहे. मुलगी पुढे इंजिनिअर होवो, नर्स होवो की दुकान टाको, ते शिकलेलं वाया जात नाही आणि कुठलीही वाट बंद होत नाही. माझ्या मोजपट्टीवर याची किंमत शून्य वर्षं.

पण दुसरं चित्रही बघितलंय. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे जानेवारी लागला की कौशल्य विषयाचे तास गणित-विज्ञानाच्या जादा तासांना दिले जायचे. कार्यशाळेची खोली कुलूपबंद. प्रात्यक्षिक वह्या शेवटच्या आठवड्यात एकमेकींच्या बघून पूर्ण व्हायच्या. मला तेव्हा फार वाईट वाटायचं, आजही वाटतं, कारण त्या खोलीत रमणारी नेमकी तीच मुलं असत ज्यांना वर्गात कोणी शाबासकी देत नव्हतं. प्रशिक्षकांनाही दोष देता येत नाही. ते बहुतेक ठिकाणी बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर असतात, मानधन वेळेवर येईलच असं नसतं, आणि चांगला माणूस दोन वर्षांत सोडून जातो. धोरण लिहिणाऱ्यांना मला काही एकच सांगायची मुभा मिळाली, तर मी हेच सांगेन की या प्रशिक्षकाची नोकरी आधी पक्की करा.

तेव्हा शाळेत जाऊन एवढंच विचारा: मुलींनी यंदा काय काय तयार केलं ते दाखवाल का? कोणत्या कारखान्याला, दवाखान्याला, शेतीला भेट झाली? वस्तू दाखवल्या तर विषय घ्या. फक्त फाइल दाखवली तर भाषाच राहू द्या.

आता कल चाचणी. २०१६पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची ती घेतली जायची. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने मंडळाने ती राबवली. सात क्षेत्रं होती: कृषी, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य आणि जैविक विज्ञान, तांत्रिक, आणि गणवेशधारी सेवा. नंतर अभिक्षमतेचीही भर पडली, आणि कोविडच्या काळात हे सगळं थांबलं. २०२०मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं, त्यात अभ्यासक्रम, संस्था, शिष्यवृत्त्या यांची माहिती मिळते. कल चाचणी वाईट नव्हती. तिची वेळ चुकली होती. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवायचं, आणि अहवालावर त्यांच्याशी बोलायला कोणाकडे अर्धा तासही नाही. माझ्या टेबलावर एक वडील अहवाल घेऊन आले होते. मुलाचा कल 'गणवेशधारी सेवा'. त्यांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे याला सायन्स नाही जमणार ना?" त्या अहवालात तसं कुठेच नव्हतं. कल म्हणजे आवड, क्षमता नव्हे, हे सांगणारं माणूस लागतं. पोलीस भरतीला, सैन्याला, एनडीएला वेगवेगळी पात्रता लागते, आणि एनडीएच्या हवाई दल-नौदलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. आवड गणवेशाची असेल तर विज्ञान सोडायचं कारणच नव्हतं.

म्हणून तुमच्या मुलीची चाचणी झाली नाही म्हणून खंत करू नका. त्याऐवजी नववीच्या सुट्टीत तिला तीन कामाच्या जागी एकेक दिवस नेऊन बसवा. गावातलं ट्रॅक्टर-मोटार दुरुस्तीचं गॅरेज, ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा, एखाद्या सीएचं किंवा वकिलाचं ऑफिस, ओळख असेल तिथे. दिवस संपल्यावर "आवडलं का?" विचारू नका. "तिथलं कुठलं काम तू उद्या परत करशील?" असं विचारा. उत्तर फार वेगळं येतं.

आता मुख्य गोष्ट, दहावीनंतरची. इथे जरा थांबून हिशेब करू, कारण हाच हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

समजा मुलीला शेवटी अभियांत्रिकीची पदवी हवी आहे. अकरावी-बारावी विज्ञान आणि पुढे चार वर्षं, म्हणजे दहावीनंतर सहा वर्षं. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तर तीन अधिक तीन, म्हणजे पुन्हा सहाच. जास्तीचं एकही वर्ष नाही, आणि मध्ये थांबावं लागलं तर हातात डिप्लोमा आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला दोन वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला तीन वर्षं: एकूण सात. फक्त एक वर्ष जास्त, आणि वाटेत दोनदा कमावता येईल असा मुक्काम. शिवाय दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते, मग बीए-बीकॉमकडेही वळता येतं. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, फी नाममात्र आहे. तरीही माझ्या टेबलावर आयटीआयचं नाव काढलं की आयांचे चेहरे पडतात. त्या चेहऱ्यांसाठी मी हा हिशेब कागदावर लिहूनच ठेवते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांचं घोडं गणितावर अडतं. बारावी विज्ञानाच्या मुलांनी कलन म्हणजे कॅल्क्युलस घोटलेलं असतं, डिप्लोमाच्या मुलांनी ते धावतपळत केलेलं असतं, आणि आयटीआयच्या मुलांनी बघितलेलंच नसतं. आमचा एक विद्यार्थी इलेक्ट्रिशियन ट्रेड करून डिप्लोमाला गेला. वायरिंगच्या प्रात्यक्षिकात सगळ्या वर्गाच्या पुढे, आणि गणितात दोनदा नापास. तो रविवारी आमच्या शाळेत येऊन बसायचा आणि अकरावीची पुस्तकं पहिल्या पानापासून सोडवायचा. शेवटी पास झाला. पण पूल बांधला म्हणजे माणूस चालत पलीकडे जातोच असं नाही, मध्ये हात धरणारंही कोणी लागतं. धोरणात पूल आहे, हात धरणारं कोणी नाही. या वाटेने जायचं ठरलं तर मुलीचं गणित एक दिवसही बंद पडू देऊ नका.

आता उलट दिशेचा हिशेब. विज्ञान शाखेतून बारावी करून बीए, बीकॉम, कायदा, डिझाइन कुठेही जाता येतं, वर्ष वाया जात नाही. कला किंवा वाणिज्यातून विज्ञानाकडे यायचं तर पुन्हा अकरावी, म्हणजे दोन वर्षं. म्हणून लोक डोळे मिटून सायन्स घेतात, आणि मला ते समजतं. पण ज्या मुलीला भौतिकशास्त्र अजिबात पचत नाही तिला दोन वर्षं त्यात घालणं हाही खर्चच. अकरावीत नापास झालेल्या मुलीचा आत्मविश्वास किती खचतो ते मी पाहिलंय. काहीजणी परत येतच नाहीत. तेव्हा नववी-दहावीत विज्ञान समजून घेण्यात आनंद वाटतो का, हे बघा. गुणांपेक्षा ते जास्त खरं सांगतं.

आणि खेड्यात बहुतेक वेळा निवड होतच नाही. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा असते, एसटीचा पास आणि मुलीची सुरक्षितता यांचा विचार होतो, आणि मुलगी कलेला जाते. 'असर'च्या त्याच पाहणीत अकरावी किंवा त्यापुढे शिकणारी निम्म्याहून अधिक मुलं कला शाखेत होती. आमच्या गावाजवळच्या एका वाडीवरची मुलगी अशीच गेली. तिला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतर कळलं की बीएस्सी नर्सिंगला भौतिक-रसायन-जीवशास्त्र लागतं. घरात रडारड. मग आम्ही पात्रतेचे नियम उलगडून बसलो. जीएनएम या तीन वर्षांच्या नर्सिंग पदविकेला शाखेची अट नाही, बारावी इंग्रजीसह ४० टक्क्यांनी उत्तीर्ण चालते. जीएनएमनंतर नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे चारऐवजी पाच वर्षं. चुकलेल्या वळणाची किंमत एक वर्ष. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी वॉर्डात काम करते. ही वाट कुठल्याही योजनेच्या जाहिरातीत नव्हती, नियमांच्या पुस्तकात होती. मला वाटतं, शासनाने दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक मुलाला अशा परतीच्या वाटांचा एक साधा कागद द्यावा.

वाणिज्य किंवा कला घेतलीच, तर गणिताचा विषय सुटत असेल तर दोनदा विचार करा. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर, बँकिंग, सगळीकडे तो पुढे आडवा येतो. तुमची मुलगी गणितात बरी आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग ते हातचं घालवू नका. विज्ञान शाखेत बायफोकलची सोय असलेलं कॉलेज मिळालं तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एका ऐच्छिक विषयाऐवजी घेता येतो. हात चालणाऱ्या मुलीला तो आवडेल. घेताना कुठला विषय सुटतोय ते नीट विचारा, जीवशास्त्र सुटलं तर वैद्यकीय आणि बहुतेक पॅरामेडिकलची वाट फार अवघड होते. एमसीव्हीसी कमी होत चाललंय, जवळ चांगलं चालणारं असेल तरच जा.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरते होते. पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिलं नाव हौसेने टाकू नका, जिथे रोज जाणं-येणं खरंच जमेल तेच टाका. मागच्या हंगामात माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त अश्रू याच एका नियमामुळे आले.

सीईटीबद्दल थोडक्यात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी यांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी, वैद्यकीयसाठी नीट. सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा आणि ८० टक्के बारावीचा असतो, उणे गुण नाहीत. अकरावी विश्रांतीचं वर्ष नव्हे, एवढं यातून कळावं. 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली कॉलेजला नाव घालायचं आणि दिवसभर क्लासला बसायचं, ही पद्धत मला मान्य नाही. शासनाने २०१८मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणायचा निर्णय घेतला तो याचसाठी. प्रयोगशाळेत पाय न ठेवता बारावी झालेली मुलं पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला थबकतात. आणि सीईटी फक्त सायन्सवाल्यांची असंही आता राहिलेलं नाही. २०२४मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस अशा अभ्यासक्रमांनाही सीईटी आली. कित्येक वाणिज्य शाखेच्या मुलांना ते फॉर्मची मुदत संपल्यावर कळलं, जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्या वर्षी जादा सीईटी घ्यावी लागली. बारावीच्या डिसेंबरपासून सीईटी कक्षाचं संकेतस्थळ दर पंधरवड्याला बघायची सवय लावा, शाखा कोणतीही असो.

पैशांचं सांगते. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन तुमची मुलगी निवडली गेली असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती संधी हुकली असेल तर धाकट्यासाठी लक्षात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी २०२४-२५पासून मोठा बदल झाला: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. आधी ते पन्नास टक्के होतं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात थेट पोचलेला निर्णय. दोन भावंडांत "आधी मुलाचं बघू" म्हणणारी घरं आता मुलीचा फॉर्म आधी भरताना मी पाहिली आहेत.

पण हे सगळं कागदपत्रांवर उभं आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा असेल तर पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीत असतानाच जिल्हा समितीकडे जायला हवा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघतं आणि मग सहा-सहा महिने खेटे. मुलगी हुशार, गुण उत्तम, आणि जागा गेली कागदामुळे, हे मी इतक्या वेळा बघितलंय की नववीच्या पालक सभेतच मी जुने दाखले शोधायला सांगते.

नव्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याची तुम्ही वाट बघत असाल, तर तुमच्या मुलीच्या नववी-दहावीपुरती ती सोडून द्या. २०२५-२६ला पहिलीपासून सुरुवात झाली आहे, आणि जाहीर झालेल्या टप्प्यांप्रमाणे नववी-अकरावीची पाळी २०२७-२८मध्ये येते, म्हणजे तिला तो भेटलाच तर अकरावीत. व्यवसाय शिक्षण सगळ्यांना सक्तीचं होणार, विषयांच्या भिंती पातळ होणार, हे चांगलंच आहे आणि मी त्या दिवसाची मनापासून वाट पाहते. पण ती आज नववीत आहे.

तर आता काय? तुम्ही विचारलंय म्हणून माझा क्रम सांगते. सगळ्यात आधी तिचं वाचन आणि भागाकार तपासा. हसू नका. 'असर'च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३ टक्क्यांनाच जमलं. तुमची मुलगी त्यात नसेल, पण इंग्रजी जेमतेम आहे म्हणालात. डिप्लोमा असो की जीएनएम, पहिल्या वर्षाचं पुस्तक बहुधा इंग्रजीत असतं. तिला रोज एक पान विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाचू द्या. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, धडे तेच, पानं जवळपास तीच. आमच्या मुलींना यानेच सगळ्यात लवकर फरक पडला.

मग या दिवाळीच्या सुट्टीत तंत्रनिकेतन आणि आयटीआय, दोन्ही आतून बघून या. मुलीला बरोबर न्या, आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. वसतिगृह आहे का, एसटी किती वाजता सुटते, वर्गात मुली किती, हे ती स्वतः विचारेल. परत येताना गाडीत तिने काय विचारलं आणि काय विचारलं नाही, ते मला लिहून कळवा. तिच्या गुणपत्रिकेपेक्षा त्यावरून मला जास्त नेमकं सांगता येईल.